मुलांची बुद्धी : बीज आणि पोषण

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो आता पुण्यास चांगल्या हुद्द्यावर आहे. कुशलप्रश्न आटोपल्यावर त्याने एक रंगीत पत्रक माझ्यापुढे ठेविले आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, मुलांच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन त्यांची जन्मजात बुद्धी किती आणि कोणत्या विषयाकडे कल आहे, हे सांगणारी मंडळी आमच्या वसाहतीत आली होती. काही हजार रुपये घेतात. मुलीचे करून घ्यावे काय?’’ मी विचारले, ‘‘मुलगी केवढी रे तुझी?’’ तो म्हणाला, ‘‘सातवे सरले, गुरुजी.’’

बोटांवरील रेषा आईच्या पोटात तिसऱ्या ते पाचव्या महिन्याच्या सुमारास उमटतात आणि मग जन्मभर तशाच राहतात. पोलिसांस त्यांचा उपयोग होतो, तो यामुळेच. परंतु गणिताची गती किंवा भाषेची गोडी त्या रेषांतून वाचता येते, यास शास्त्राचा आधार नाही, असे आपल्या देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही जाहीर केले आहे. इतके सांगून मी त्याची बोळवण करू शकलो असतो. परंतु पत्रकाच्या मुळाशी जी समजूत होती ती त्या मंडळींनी निर्माण केलेली नव्हती. बुद्धी ही जन्माच्या वेळीच शिक्का मारून येते आणि आईबापांनी व मास्तरांनी केवळ तो शिक्का वाचावयाचा असतो, ही समजूत फार जुनी आहे. मी स्वतः मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालेला मनुष्य. चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गापुढे उभे राहून मीही पुष्कळ वर्षे हाच शिक्का वाचीत आलो. म्हणून आज या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत.

इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन याने १८६९ साली ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, कर्तृत्व घराण्यांतून वाहत असते. न्यायाधीशांच्या घरी न्यायाधीश जन्मतात, हे त्याने मोठ्या मेहनतीने दाखविले. मात्र न्यायाधीशाच्या मुलास जी शाळा, जे जेवण आणि ज्या ओळखी लाभतात, त्यांचा हिशेब त्याने फारसा ठेविला नाही. १८८३ मध्ये त्याने या विचारास नाव दिले. आपल्याकडे त्याचे भाषांतर ‘सुप्रजाजननशास्त्र’ असे झाले. पुढे अमेरिकेतील काही संस्थानांनी आणि १९३३ नंतर जर्मनीने या शास्त्राच्या नावाखाली जे कायदे केले, ते सर्वांस ठाऊक आहे.

याच प्रवाहाशी एका मराठी विदुषीची गाठ पडली होती, ही गोष्ट मात्र थोड्यांस माहीत असते. ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे या १९३० च्या सुमारास बर्लिन येथील कैसर विल्हेल्म संस्थेत संशोधन करीत होत्या. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर यांचा तर्क असा की, गोऱ्या वंशाच्या मनुष्याची कवटी एका बाजूस किंचित अधिक फुगीर असते आणि त्याच्या तर्कशक्तीचे मूळ तेथे आहे. इरावतीबाईंकडे हा तर्क तपासण्याचे काम आले. त्यांनी निरनिराळ्या वंशांच्या १४९ कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिले की, असा वंशपरत्वे भेद आढळत नाही. परक्या देशात, आपल्या गुरूच्याच सिद्धान्ताविरुद्ध, एका पंचविशीतल्या तरुणीने हे लिहावे, याचे मला फार कौतुक वाटते. आपल्याकडेही बुद्धी ही अमुक जातीची मिरास, असे बोलणारे कमी नव्हते, आजही नाहीत.

बुद्धी मोजण्याची चाचणी मूळची फ्रान्समधील आल्फ्रेड बिने याची. १९०५ साली त्याने व सिमाँ याने ती रचली, ती वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांस विशेष शिकविता यावे म्हणून. ज्याने मोजपट्टी बनविली तोच सांगत असे की, बुद्धी ही न वाढणारी वस्तू आहे असे मानणे चूक आहे. आपल्या भागात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली याच चाचणीची मराठी व कानडी मुलांसाठी पुनर्रचना केली. ती करावी लागली यातच एक तत्त्व आहे. परदेशी मुलास सोपा वाटणारा प्रश्न धारवाडच्या मुलास अडवितो, तो बुद्धीच्या उणिवेने नव्हे, तर ती वस्तू त्याने पाहिलेली नसते म्हणून. मानोरा तालुक्यातील तांड्यावरचे पोर शंभर शेळ्यांतून आपली शेळी आवाजावरून ओळखते. या ज्ञानास आमच्या प्रश्नपत्रिकेत एकही गुण नव्हता.

आता अलीकडच्या संशोधनाकडे येऊ. कारण गाल्टन चुकला म्हणून आनुवंशिकता खोटी ठरत नाही. एकबीज जुळी भावंडे, साधी जुळी, दत्तक मुले यांच्या तुलना कित्येक देशांत झाल्या आहेत. त्यांवरून दिसते की, एका समाजातील मुलांमुलांत बुद्ध्यंकाचा जो फरक असतो, त्यातील लहानपणी सुमारे दोन-पंचमांश आणि प्रौढपणी निम्म्याहून अधिक वाटा आनुवंशिक भेदांशी निगडित असतो. हे आकडे प्रामाणिक आहेत. घोटाळा होतो तो त्यांचा अर्थ लावताना. ‘बुद्धी निम्मी आनुवंशिक’ हे ऐकून मनुष्य समजतो की, माझ्या मुलाच्या डोक्यातील निम्मी बुद्धी मजकडून आली, ती बदलणार नाही आणि उरलेल्या निम्म्यावर काय ती मेहनत करावयाची. आकड्याचा अर्थ तो नव्हे. आकडा एका मुलाविषयी काहीच सांगत नाही. त्या ठिकाणी, त्या काळी, त्या परिस्थितीत मुलांमुलांत जे अंतर पडले, त्याची ती विभागणी आहे. परिस्थिती बदलली की विभागणीही बदलते.

उंचीचेच पाहा. उंची ही बुद्धीहूनही अधिक आनुवंशिक. उंच आईबापांची मुले बहुधा उंचच असतात. तरीही दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या स्त्रिया आणि त्यानंतर शंभर वर्षांनी जन्मलेल्या स्त्रिया यांच्या सरासरी उंचीत सुमारे २० सेंटिमीटरांचा फरक पडला. शंभर वर्षांत त्या लोकांचे बीज बदलले नाही. बदलले ते अन्न, पाणी आणि औषधोपचार. आमच्या वाशीमच्या सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच पिशवीतले बी काळ्या कसदार रानात आणि मुरमाड टेकाडावर पेरले, तर टेकाडावरील पिकाकडे बोट दाखवून बियाण्यास दोष देणारा शेतकरी मी अद्याप पाहिलेला नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आम्ही शिकलेली माणसे ती चूक नित्य करतो.

अमेरिकेत २००३ साली सात वर्षांच्या जुळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुखवस्तू घरांत बुद्ध्यंकातील फरक बव्हंशी आनुवंशिक भेदांचा निघाला. गरीब घरांत मात्र आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ नाहीसा झाला आणि घरच्या परिस्थितीचा वाटा साठ टक्क्यांच्या घरात गेला. पुढे २०१६ साली निरनिराळ्या देशांतील असे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पश्चिम युरोप व ऑस्ट्रेलिया येथे हा भेद आढळला नाही, अमेरिकेत आढळला. माझ्या मते याचे कारण उघड आहे. जेथे गरिबाच्या मुलासही बरी शाळा आणि बरा दवाखाना मिळतो, तेथे दारिद्र्य बीजाला तितके दडपीत नाही. या अभ्यासांत आपल्या तालुक्यांतील मुले नव्हती; असती तर काय आढळले असते, याचा ज्याने त्याने अंदाज करावा.

जनुकांची प्रत्यक्ष मोजदादही आता होते. २०२२ साली सुमारे ३० लाख लोकांच्या तपासणीतून, शिक्षणाच्या वर्षांशी संबंध असलेली जवळजवळ ४,००० स्थाने सापडली. त्या साऱ्यांची बेरीज करूनही लोकांच्या शिक्षणातील फरकापैकी १२ ते १६ टक्क्यांचाच उलगडा होतो. आणि तपासलेले लोक जवळजवळ सर्व युरोपीय वंशाचे होते, म्हणून आपल्याकडे तो हिशेब याहून पुष्कळ कमी लागू पडेल. आइसलंडमध्ये २०१८ साली याहून मौजेची गोष्ट निघाली. आईबापांचे जे जनुक मुलाकडे आलेच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसला. याचा अर्थ असा की, आईबाप जसे असतात तसे घर ते बनवितात आणि त्या घराचा परिणाम मुलावर होतो. म्हणजे ज्यास आपण शुद्ध रक्ताचा गुण समजतो, त्यातही थोडा भाग घरातील पुस्तकांचा आणि बोलण्याचालण्याचा असतो.

अमेरिकेत काही कंपन्या गर्भबीजांची जनुकीय तपासणी करून त्यांतील बुद्धिमान बीज निवडून देण्याची भाषा करू लागल्या आहेत. शास्त्रज्ञांनी २०१९ साली हिशेब करून दाखविला की, त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे अनेक बीजांतून सर्वोत्तम निवडले तरी लाभ सरासरी सुमारे अडीच बुद्ध्यंकांचा. आता याच्या शेजारी आयोडीन ठेवून पाहा. ज्या प्रदेशात आयोडीनची तीव्र टंचाई असते तेथील मुलांचा बुद्ध्यंक, आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या मुलांहून सरासरी १२-१३ अंकांनी कमी भरतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत आढळले आहे. मनुष्यास दिवसास दीडशे मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सत्तर वर्षांच्या आयुष्याचे सारे मिळून चार ग्रॅमही होत नाही. ते मिठातून मिळते आणि त्याचा खर्च वाण्याच्या हिशेबातही दिसत नाही. आपल्या देशात खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यास १९९८ साली बंदी झाली, २००० साली ती उठली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली. त्या सहा वर्षांच्या वादात मुलांच्या मेंदूचा विषय किती जणांच्या मनात होता, कोण जाणे!

यावरून जनुकांचे संशोधन व्यर्थ आहे असे मला सुचवावयाचे नाही. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक आनुवंशिक रोग आहे. त्यात अन्नातील एका घटकाचे पचन होत नाही आणि मुलाची बुद्धी कायमची खुंटते. नॉर्वेतील डॉ. फोलिंग यांनी तो १९३४ साली ओळखला. पुढे कळले की, जन्मतःच रोग ओळखून तो घटक अगदी मर्यादित ठेवलेला आहार दिला, तर मूल इतरांसारखे वाढते. रोग शंभर टक्के बीजातला, उपाय मात्र ताटातला! आनुवंशिक म्हणजे अटळ, या समजुतीला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

मेंदूच्या भुकेविषयी थोडे सांगितले पाहिजे. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक वाढलेला असतो. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या शरीरात खर्ची पडणाऱ्या ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकटा मेंदू घेतो. म्हणून गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे हजार दिवस जे उणे राहिले, ते पुढे शाळेच्या खिचडीने पुरते भरून निघत नाही. ग्वाटेमाला देशात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांस प्रथिनयुक्त पेज दिली, दोन खेड्यांत साधे गोड पेय. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेली मुले मोठी झाली, तेव्हा त्यांतील पुरुषांची ताशी कमाई इतरांहून सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक निघाली. तीन वर्षांनंतर पेज सुरू झालेल्यांस हा लाभ दिसला नाही.

तरी नुसते पोट भरले म्हणजे झाले, असेही नाही. जमैकात १९८६-८७ साली वाढ खुंटलेली १२९ बालके घेऊन काहींस पूरक अन्न दिले; काहींच्या घरी आठवड्यास एकदा आरोग्यसेविका जाऊन, मुलाशी कसे खेळावे-बोलावे हे आईस दाखवीत असे; काहींस दोन्ही दिले. वीस वर्षांनंतर टिकून राहिलेला लाभ खेळाचा होता. त्या मुलांची कमाई इतरांहून सुमारे पाव हिश्शाने अधिक होती. आणि शाळेविषयी म्हणाल तर, सहा लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासांचा २०१८ साली आढावा घेण्यात आला. त्यात शिक्षणाच्या दर वर्षामागे बुद्ध्यंकात एक ते पाच अंकांची वाढ दिसून आली. मास्तरकीत हयात गेलेल्या माणसास हे वाचून किती बरे वाटले असेल, ते सांगावयास नको.

आपल्याकडील पुरावा हवा असल्यास तोही आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती व त्यांची मुले यांचा अभ्यास करीत आले. मुले नऊ वर्षांची झाल्यावर आढळले की, गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले लक्ष टिकविण्याच्या आणि ऐकलेले लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडली. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासळी यांतून मिळते. ज्या घरात दूध डेअरीला जाते आणि चहा काळा होतो, त्या घरची ही कथा.

आणि रक्तक्षय! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी ६८.९ मुलांत तो आढळला. त्यापूर्वीच्या पाहणीत हा आकडा ५३.८ होता. आकडा वाढला, श्रोतेहो, कमी झाला नाही.

आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाकाटकांची वत्सगुल्म नगरी ती हीच. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांस ‘आकांक्षित जिल्हे’ असे गोड नाव दिले. त्यांत महाराष्ट्राचे चार : नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव आणि वाशीम. प्रगतीचे गुण मोजताना शंभरांपैकी ३० गुण आरोग्य व पोषण यांस, ३० शिक्षणास. सरकारी कारभाराविषयी माझी मते फारशी मृदू नाहीत. परंतु ही वाटणी मात्र मला पटली.

पूर्वी एकदा या राज्याने या कामी चांगली वाटचाल केली होती. २००५ साली औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले. पुढे त्यांचा भर पहिल्या हजार दिवसांवर होता. वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे राज्यातील प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ वर आले. पुढच्या पाहणीत ते ३५.२ निघाले, म्हणजे गाडी थांबली. ज्या अंगणवाडीवर हे सारे उभे आहे, तिची कल्पनाही आपल्याच मातीतली : ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह बालवाडी गरिबांच्या अंगणात नेली.

आता माझी एक चूक सांगतो. एका खेड्यातील शाळेत असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. दिलेली बेरीज फळ्यावर नीट मांडी, पण निम्म्यात थांबून शून्य नजरेने पाहत राही. मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘बुद्धीने मंद’ असे लिहिले. हे अक्षर कोणी मला लिहावयास सांगितले नव्हते. चौथीत त्याने शाळा सोडली. त्याची आई एकदा दाखल्यासाठी आली होती; म्हणाली, ‘‘गुर्जी, लेकराच्या पोटात सकायपासून काई नसे.’’ बोलता बोलता कळले की, तो पोटात असताना ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडीत होती. काही वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ शाळेत आला. तोवर खेड्यात अंगणवाडी झाली होती आणि २००१ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत शिजविलेले अन्न मिळू लागले होते. तो मॅट्रिक झाला, तंत्रशाळेत जाऊन वीजतंत्री झाला. सख्ख्या भावांतही बीज सर्वस्वी सारखे नसते आणि एका घरावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळते. परंतु थोरल्याच्या पुस्तकावर मी जे लिहिले, त्याचा पुरावा मजपाशी काय होता, या प्रश्नास अद्याप मला उत्तर सापडलेले नाही.

त्याच जेवणात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यास एक अंडे, न खाणाऱ्यास केळे किंवा दुसरे फळ, देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवून, द्यावयाचे तर लोकवर्गणीतून द्यावे, असे शासनाने कळविले. ज्या गावची माणसे कामासाठी वर्षातून चार महिने परगावी असतात, तेथे वर्गणी कोणी कोणाकडे मागावी? मेंदूची वाढ, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्व यांविषयी जे मघा सांगितले, त्यापैकी किती तरी एका अंड्याच्या कवचात मावते.

असो. माझ्या विद्यार्थ्यास यांपैकी बरेच मी त्याच दिवशी सांगितले. त्याने पत्रक घडी करून खिशात घातले आणि विचारले, ‘‘मग हे हजार रुपये कशावर खर्चू, गुरुजी?’’ मी म्हटले, ‘‘आधी मुलीचे रक्त तपासून आण. त्यास दोनशे रुपयेदेखील पडणार नाहीत.’’ तो हसला; म्हणाला, ‘‘आमच्या घरी खाण्यापिण्यास काय कमी आहे!’’ पंधरा दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. हिमोग्लोबिन साडेनऊ भरले होते. मुलगी भाजीस शिवत नाही, दूध नको म्हणते आणि दोन्ही वेळा बिस्किटांवर राहते, हे तेव्हा त्याच्या ध्यानी आले. डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले असून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावयाचे आहे.